नाही म्हणायची नोकरी

चुलत दीर दोन टोपल्या घेऊन येताना दिसला तेव्हाच रोपवालीनं ओळखलं, आज रोपं जाणार. माणूस रिकाम्या हातानं आला तर म्हणता येतं, बसेल, चहा घेईल, जाईल. दोन टोपल्या म्हणजे घरून ठरवूनच निघालेला.

"वहिनी, काय झकास आलीत हो रोपं," जाळीच्या दारातून वाकून आत शिरत तो म्हणाला. "टोमॅटो तर नुसता हसतोय."

"तुमची कृपा," रोपवाली म्हणाली आणि तिला स्वतःचाच राग आला. यात त्याची कसली कृपा? बी तिनं आणलेलं, माती तिनं चाळलेली, झारीनं पाणी घालून घालून कंबर तिची मोडलेली. या गृहस्थानं आजवर त्या जाळीखाली एकच काम केलं होतं, टोपली भरायचं.

"दोन-चार रोपं नेतो म्हटलं. घरचंच आहे."

"न्या की."

त्यानं दोन-चार नेली. म्हणजे टोपलीत मावतील तेवढी नेली, आणि जाताना वर दाबून आणखी बसतात का तेही पाहिलं.

घरामागं विहिरीच्या अंगाला जमिनीचा एक पट्टा पडून होता. गोटेच जास्त, माती कमी. तिथं काही पिकत नाही म्हणून तो सुनेच्या वाट्याला आला होता. तिनं नवऱ्याकडून खांब रोवून घेतले, वर हिरवी जाळी ताणली आणि ट्रेमधून भाजीची रोपं करायला लागली. टोमॅटो, वांगी, मिरची, कोबी. नवरा लोकांच्या रानात ट्रॅक्टर चालवायचा. संध्याकाळी घरी यायचा तो धुळीनं माखलेला आणि शब्द संपलेला. त्याची ना मदत ना आडकाठी. गावात तिला सगळे रोपवाली म्हणू लागले आणि तिला ते नाव आवडायचं.

हात तिचा खरोखर चांगला होता. बी रुजायचंच. अडचण एकच होती, की 'नाही' हा शब्द तिच्या तोंडात लहानपणापासून रुजला नव्हता. दुकानदारानं काडी मोडलेली छत्री हातात दिली तरी ती घेऊन यायची आणि वर त्याला बरं वाटावं म्हणून रंग छान आहे म्हणायची. मग गावात सासरचे नातेवाईक, नातेवाइकांचे शेजारी आणि शेजाऱ्यांचे पाहुणे, सगळ्यांनाच कळलं की इथं मागितलं की मिळतं. गेल्या हंगामात लांबच्या गावचा एक शेतकरी रोख पैसे खिशात घालून टेम्पो घेऊन आला होता. तोवर जाळीखाली रिकामे ट्रे आणि एक मांजर एवढंच उरलं होतं.

बाजाराच्या गावात बायकांच्या लहान धंद्यांना सल्ला देणारं एक केंद्र होतं. शिवणकाम करणारी, कोंबड्या पाळणारी, दुकान मांडणारी, कुठल्याही बाईनं जावं आणि विचारावं. रोपवाली तिथंच शिकली होती. तिथल्या बाई अधूनमधून स्कूटरवरून गावोगाव फिरून बघायच्या, की शिकवलेलं जगलं की करपलं. या बाईंना कुत्र्यांची भीती होती. त्यामुळे अंगणात आल्यावर चारी बाजूंना बघून खात्री होईपर्यंत त्या डोक्यावरचं हेल्मेट काढत नसत.

दीर टोपल्या घेऊन गेला त्याच दिवशी त्या आल्या. जाळीखाली शिरल्या, हेल्मेटची काच वर केली आणि मोकळी रांग बघितली.

"विकली का एवढी?"

"गेली," रोपवाली म्हणाली.

"विकली का गेली?"

रोपवालीनं झारीत पाणी आहे का ते बघितलं. पाणी होतं. तरी बघत राहिली.

बाईंना काय ते कळलं. त्यांनी एक रिकामा ट्रे काखेत मारला आणि आवाज जाड केला. "आपण सवय करू. मी तुमचा दीर. मी मागणार, तुम्ही नाही म्हणायचं. वहिनी, दोन-चार रोपं नेतो. घरचंच आहे."

"नाही."

"बघा, जमलं की."

"म्हणजे अगदी नाही असं नाही," रोपवाली घाईनं म्हणाली. "आधी बसा तरी. चहा टाकते."

पुन्हा केलं. दुसऱ्या खेपेला तिनं मान नकाराची हलवली पण हात वांग्याच्या ट्रेकडं गेला. तिसऱ्या खेपेला बाईंनी आवाज जरा रडवेला काढला, घरात भाजी नाही, पोरं उपाशी, असं काहीबाही म्हणाल्या, तर रोपवालीच्या डोळ्यांत पाणी आलं. चौथी खेप झालीच नाही. वांग्याचा अख्खा ट्रे स्कूटरच्या पायाशी जाऊन बसला होता.

"तुमच्या अंगणात लावा," रोपवाली म्हणाली. "एवढ्या उन्हात येता."

बाईंनी कुत्र्याबित्र्याचा विचार न करता हेल्मेट काढलं आणि पायरीवर बसल्या.

"मी सल्ला द्यायला आले आणि वांगी घेऊन चालले," त्या म्हणाल्या. "ऐका. माल तुमचा चांगला आहे, पाणी आहे, गिऱ्हाईक आहे. भाव पाटीवर लिहून लावा, म्हणजे तोंडानं सांगायचा संकोच नको. मोठी मागणी असेल तर थोडं आगाऊ घ्या, मगच ट्रे राखून ठेवा. घरखर्चाची पिशवी वेगळी, धंद्याची वेगळी. हे सगळं तुम्हाला जमेल. पण हे सगळं ज्या एका शब्दावर उभं आहे तो तुम्हाला येत नाही. आपल्याला जे येत नाही, ते ज्याला येतं त्याला कामावर ठेवायचं असतं. लोक ड्रायव्हर ठेवतात की नाही?"

"नाही म्हणणारा माणूस कुठं मिळतो?" रोपवालीनं विचारलं.

तेवढ्यात घराच्या पुढच्या अंगानं बोलणं ऐकू आलं. शेजारीण आली होती आणि ओट्यावर सासू बसली होती.

"काकी, चाळणी आहे का हो?"

"आहे."

"देता का जरा?"

"नाही."

"लगेच आणून देते."

"लगेच आणून देणार तर नेतेस कशाला?"

"गेल्या वेळी दिली होतीत."

"म्हणूनच."

आवाज चढला नाही, भांडण झालं नाही. शेजारीण "बरं" म्हणाली आणि निघून गेली. केंद्रातल्या बाई मान तिरकी करून ऐकत होत्या, रेडिओवर एखादी गाणारी लागावी तशी.

"या कोण?" त्यांनी हळूच विचारलं.

"माझ्या सासूबाई."

"आणि तुम्ही माणूस शोधताय."

रोपवालीनं कपाळाला हात लावला. सासूचं आणि तिचं वैर नव्हतं, पण सासूच्या लेखी जाळीखालचा सगळा प्रकार म्हणजे बाहुलीचा संसार होता. येता-जाता ती म्हणायची, "झालं का गवताला पाणी घालून?" तिला मदत कशी मागायची?

"मदत मागूच नका," बाई म्हणाल्या. "मदतीला त्या नाहीच म्हणतील, त्यात त्यांचा हात कोण धरणार? काम द्या. मजुरी द्या."

दुसऱ्या दिवशी दुपारी जेवणं झाल्यावर रोपवालीनं धीर केला. सासूला ती आत्याबाई म्हणायची.

"आत्याबाई, एक काम होतं."

"नाही."

"मजुरी आहे."

सासूचं ताट पुसायचं थांबलं. जन्मभर ती रानात राबली होती, गोठ्यात राबली होती, चुलीपुढं बसून बसून डोळे लाल करून घेतले होते. हा शब्द तिच्यासमोर कुणी काढला नव्हता.

"कोण देणार?"

"मी."

"कसली?"

"नाही म्हणायची."

सून थट्टा करतेय का ते सासूनं नीट निरखून पाहिलं. सून घाबरलेली होती, थट्टा करत नव्हती.

"ते तर मी फुकटच म्हणते."

"तेच वाटलं मला. एवढं चांगलं येतंय तर फुकट का?"

सासूनं उत्तर द्यायला संध्याकाळ घेतली. मग तिच्या अटी आल्या. बसायला हातवाली खुर्ची, आणि त्या खुर्चीत दुसऱ्या कुणी टेकायचं नाही. मधल्या वेळचा चहा खुर्चीपाशी आणून द्यायचा. "आणि मी नाही म्हटल्यावर तू मागून येऊन हो म्हणायचं नाहीस. म्हटलंस तर मी उठले."

नवऱ्यानं ट्रॅक्टरला लावायच्या रंगातला उरलेला रंग काढून पाटीवर भाव लिहिले. पाटी जाळीच्या दाराला आणि खुर्ची पाटीखाली. सासूनं पहिल्या दिवशी केस नीट विंचरले, स्वच्छ धुतलेले कपडे घातले आणि ऑफिसला निघाल्यासारखी घरामागं जाऊन बसली.

चुलत दीर आला. टोपल्या त्याच.

"काकी, इथं बसलात होय?"

"दिसतंय ना."

"वहिनी कुठं आहेत?"

"कामात."

"मिरचीची दोन-चार रोपं हवी होती. घरचंच आहे म्हणून—"

"कुणाच्या घरचं?"

"आपल्याच की."

"तुझी म्हैस दूध देते. ती पण आपलीच का?"

"म्हशीचं वेगळं असतं, काकी. तिला चारा घालावा लागतो."

"रोपांना काय घालतात, गप्पा? पाटी वाच."

"चष्मा घरी राहिला."

"टोपल्या बऱ्या नाही राहिल्या घरी."

रोपवाली आत कोबीच्या ट्रेमागं उकिडवी बसली होती. तिला एकीकडं हसू येत होतं आणि दुसरीकडं धावत जाऊन दिराला पाणी तरी द्यावं असं वाटत होतं. तिनं दोन्ही हात मातीत खुपसून ठेवले. दीर रिकाम्या टोपल्या घेऊन गेला आणि दुपारी थोडीशी रोपं विकत न्यायला आला. चष्मा न घालता त्यानं पाटी घडाघडा वाचली.

सुरुवातीला सासूनं काम जरा जास्तच मनावर घेतलं. कुणी गिऱ्हाईक पैसे काढत असलं तरी ती नाही म्हणायची. एकानं रोपं जरा बारीक दिसतात म्हटलं, तर तिनं त्याला विकायलाच नकार दिला. केंद्रातल्या बाई पाहणीला आल्या त्यांनाही तिनं दारात अडवलं, आणि हेल्मेट काढल्याशिवाय आत सोडणार नाही म्हणाली. रोपवालीला मग हळूच सांगावं लागलं, "आत्याबाई, पैसे देणाऱ्याला हो म्हणायचं असतं."

"आधी सांगायचं होतंस," सासू म्हणाली. "दोन्ही म्हणायचं असेल तर मजुरी वाढव."

मजुरी वाढली. पण जाळीखाली रोपं टिकू लागली, आणि टिकली म्हणून गिऱ्हाईक येऊ लागलं. तो टेम्पोवाला शेतकरीसुद्धा पुन्हा आला. टोमॅटोचे ट्रे बघून आगाऊ देऊन गेला. चांगला पाऊस झाला की दुसऱ्या दिवशी उचलतो म्हणाला.

पाऊस यायच्या आदल्या दिवशी नणंद माहेरी आली. सासूला एकच मुलगी, ती नदीपलीकडं दिलेली. जी बाई चाळणी देत नव्हती तिनं मुलीसाठी स्वतःची उशी काढून दिली. रात्रभर पाऊस पडला. सकाळी उघडलं तेव्हा जमिनीतून वाफ निघत होती, काळी माती चपलेला धरून वर येत होती आणि गावातल्या प्रत्येकाचे हात लावणीसाठी शिवशिवत होते.

रोपवाली ट्रे मांडायला गेली तर टोमॅटोची रांग दात पडल्यासारखी दिसली. दोन ट्रे नव्हते. तिनं इकडं पाहिलं, तिकडं पाहिलं. पाण्याच्या टाकीमागं ओलं पोतं पसरलं होतं आणि पोत्याच्या कडेनं हिरवी पानं बाहेर डोकावत होती.

सासू खुर्चीत बसून रस्त्याकडं बघत होती.

"आत्याबाई, हे ट्रे टाकीमागं कसे?"

"ऊन लागत होतं."

"आभाळ आहे की."

सासूनं आभाळाकडं पाहिलं. त्यानं तिला काही मदत केली नाही.

"ताईंसाठी काढलेत का?"

"दोन-चार रोपं तर आहेत," सासू म्हणाली. "घरचंच आहे."

बोलून गेली आणि आपलं बोलणं तिच्याच कानावर पडलं. टेम्पो आज येणार होता. गेल्या हंगामात तो रिकामा गेला होता. आज पुन्हा कमी माल दिला तर तो कशाला वळून येईल? पण समोर बसलेल्या या एका माणसाला तर तिनं लग्न झाल्यापासून मिठाच्या बाबतीतही उलट उत्तर दिलं नव्हतं.

"नाही," ती म्हणाली.

आवाज इतका बारीक होता, की पायाशी दाणे टिपणाऱ्या कोंबडीनं मानसुद्धा उचलली नाही.

"काय म्हणालीस?"

"नाही, आत्याबाई. ते दुसऱ्याचे आहेत. आगाऊ घेतलंय."

सासू उठली. "मला नाही म्हणालीस."

"हो."

"मग बघ तुझं तू." तिनं खुर्ची उचलली आणि घराकडं निघाली. मागच्या दारात खुर्ची अडकली. हात रुंद होते, दार अरुंद होतं. सासू आतून ओढत होती. रोपवालीला ते बघवेना, तिनं बाहेरून ढकलून दिली. खुर्ची आत गेली आणि दार तिच्या तोंडावर बंद झालं.

दारावर कुणी नाही ही गोष्ट गावात पसरायला फार वेळ लागला नाही. रोपवालीनं पोत्याखालचे ट्रे जागेवर ठेवले तोवर चुलत दीर हजर होता. या खेपेला हातगाडी घेऊन. त्याच्यामागं चाळणीवाली शेजारीण. तिच्यामागं मावससासू, कपडे धुवायचं घमेलं घेऊन. चिखलातून पचक पचक करत सगळे जाळीच्या दाराशी येऊन थांबले.

"वहिनी, काकी नाहीत वाटतं आज," दीर प्रेमानं म्हणाला.

रोपवाली दारात उभी राहिली. "नाही म्हणजे, असं आहे," ती म्हणाली. "रोपं आहेत, पण ती नाहीत."

"म्हणजे कशी?"

"म्हणजे दिसतात."

"दिसतात तर आहेतच की," मावससासू म्हणाली आणि घमेलं पुढं केलं.

"पाऊस झाला ना, त्यामुळे तो टेम्पोवाला येणार, आणि मग मागची जरा लहान आहेत, नाहीतर मी दिली असती—"

"लहान चालतील," दीर म्हणाला आणि हातगाडीचं चाक आत घातलं.

मागची खिडकी खाडकन उघडली.

"अगं, असं 'नाही' म्हणतात का?" सासूचं डोकं बाहेर आलं. "ऐकवेना मला आत बसून. कारण सांगू नकोस. कारण सांगितलं की समोरचा कारणाशी भांडतो. नाही म्हण आणि गप्प राहा. आणि हसतेस कशाला? तुझ्याकडं काय बारसं आहे?"

रोपवालीनं तोंड मिटलं. मग उघडलं. "नाही."

"आता गप्प," खिडकीतून आवाज आला.

ती गप्प राहिली. गप्प राहणं फारच अवघड होतं. चहा विचारावासा वाटत होता, माफी मागावीशी वाटत होती, निदान पावसाबद्दल तरी काही बोलावंसं वाटत होतं. ती काहीच बोलली नाही. समोरच्यांचीही पंचाईत झाली. भांडायला काही हातात लागेना. हातगाडीचं चाक आपोआप थोडं मागं सरकलं.

"काकी, तुम्ही तर नोकरी सोडलीत ना?" दीर खिडकीकडं बघून कुरकुरला.

"नोकरी सोडली. शिकवणी चालू आहे."

एवढ्यात नणंद ओले केस झटकत घरातून आली. तिनं सगळं ऐकलं होतं. ती वळसा घालून आली आणि मावससासूच्या मागं रांगेत उभी राहिली.

"तू कशाला तिथं?" सासू खिडकीतून म्हणाली. "आत ये, तुझं मी बघते."

"तू नको बघूस, आई. वहिनी, मला टोमॅटोचे दोन ट्रे हवेत. विकत. आज नसतील तर पुढच्या खेपेचे सांग, आगाऊ देऊन ठेवते."

"अगं, आपल्या घरात विकत?"

"मग काय करू? गेल्या वर्षी चुलतसासूकडून फुकट आणली. अर्धी मेली. बोलायची सोय आहे का? उलट मीच त्यांना जेवायला बोलावलं, रोपं दिलीत म्हणून." नणंदेनं केसांचं पाणी पिळलं. "विकत घेतलं की भांडता येतं."

रांगेत सगळ्यांच्याच मनात काहीतरी हललं. शेजारणीची गेल्या वर्षीची मिरची पिवळी पडली होती आणि तिला कुणाला बोलता आलं नव्हतं. मावससासूनं घमेलं खाली ठेवलं आणि त्यातून एक छोटी पिशवी काढली. चुलत दीर पाटीखाली जाऊन उभा राहिला आणि आज पहिल्यांदाच खरोखर चष्मा घालून ती वाचू लागला.

दुपारी टेम्पो आला आणि ठरलेले सगळे ट्रे भरून गेला. तोवर खुर्ची पुन्हा पाटीखाली आली होती. ती दारातून बाहेर कशी निघाली ते कुणी पाहिलं नाही. रोपवालीनं मधल्या वेळचा चहा नेऊन दिला, सासूनं घेतला.

पुढची खेप तयार झाल्यावर नणंदेचे ट्रे नदीपलीकडं पोचते झाले. त्यानंतर एका सकाळी रोपवाली कोबीला पाणी घालत असताना सासूच्या मांडीवरचा फोन वाजला.

"नाही," सासू फोन कानाला लावून म्हणाली. मग थोडं ऐकलं आणि फोन सुनेकडं दिला. "तुझी नणंद आहे. काहीतरी कडकड करतेय."

"वहिनी, कसली रोपं दिलीस गं?" नणंद आधीच सुरू झाली होती. "एका कडेची सगळी माना टाकून बसलीत. मी कष्टाचे पैसे मोजलेत. तुमच्या पाटीवर काय वाट्टेल ते लिहिता आणि इकडं आमचं वावर मोकळं. मला बदलून पाहिजेत, सांगून ठेवते."

रोपवाली पाण्याच्या टाकीच्या कडेला बसली. सासरचं माणूस तिच्याशी तिच्या रोपांवरून भांडत होतं. मनापासून, कसलाही आडपडदा न ठेवता, बाजारातल्या एखाद्या मोठ्या दुकानदाराशी भांडावं तसं.

"काय म्हणतेय?" सासूनं खुर्चीतून विचारलं.

"भांडतायत."

"मग तू हसतेस कशाला?"

"ताई, फोन ठेवू नका," रोपवाली झारी खाली ठेवत म्हणाली. "बदलून देते मी. आधी नीट सांगा, कुठल्या कडेची मेली, आणि पाणी सकाळी घालता की उन्हात?"